झाकणाच्या आतला पत्रा

मी, एलॉय मायेस्तास, वय बाहत्तर, राहणार एस्पान्योला, न्यू मेक्सिको, हे मृत्युपत्र माझ्याच शेडमध्ये, माझ्याच बाकावर बसून लिहीत आहे. फुप्फुसे अ‍ॅल्युमिनियमच्या धुळीने भरली आहेत, डोके मात्र ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी बायको एर्लिंडा, आणि ती केव्हाच देवाघरी गेली. याआधीची सर्व मृत्युपत्रे, रागाच्या भरात बीअरच्या खोक्यावर लिहिलेले धरून, रद्द समजावीत.

कलम १. राहते घर आणि बँकेत जे काही उरेल ते माझी मुलगी लुसीया हिला. दक्षिणेच्या भिंतीला दरवर्षी मातीचा हात द्यावा. सिमेंट लावू नये, आतून भिंत कुजते. हे मी तिला तोंडी पुष्कळदा सांगितले आहे, आता लेखी सांगतो.

कलम २. फ्रीजरमधल्या भाजलेल्या हिरव्या मिरच्या शेजारीण ओरेलिया हिला. त्या आपणच भाजल्या असे तिने चर्चमध्ये सांगत फिरू नये.

कलम ३. पॉलिशची दोन्ही यंत्रे, कापडी चाके आणि चाकाला लावायच्या पॉलिशच्या वड्या लुसीयाला. इंजिनाच्या डोक्यावरचे झाकण, म्हणजे व्हॉल्व्ह कव्हर, आरशासारखे करायचे तर आधी बारीक पॉलिश पेपरने घासण्यात जीव जातो, चाक शेवटी येते. सांता फेचा तो दंतवैद्य 'संध्याकाळपर्यंत चमकवून द्या' म्हणून आला, तर त्याला दात घासायला पाठवावे.

कलम ४. बाबांची चौसष्ट सालची इम्पाला गाडी माझा धाकटा भाऊ बेनी याला. मात्र शेडवर तो सांगतो तो हक्क त्याने सोडला तरच.

याचे कारण लिहून ठेवतो. ही शेड बाबांनी माझ्या नावावर केली. पॉलिश मी करायचो, पावडर कोटिंगची, म्हणजे रंगाची पूड भाजून पक्की करायची भट्टी बेनीकडे. एका ईस्टरला बाबांच्या गाडीची कव्हरे आम्ही दोघांनी मिळून केली. बेनीने काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून ती साफ केली, लाल पावडर मारून भट्टीत भाजली. मग मी वरच्या कडांचा रंग घासून त्या चकचकीत केल्या. बाबा टोपी घालून गाडी घेऊन मिरवायला निघाले आणि भर रस्त्यात इंजिन जाम झाले. शेजारच्या चिमायो गावची पोरे गाडी ढकलताना म्हणाली, "मायेस्तासांची गाडी नवरीसारखी नटते, पण सासरी काही जात नाही!"

बेनी बाबांना म्हणाला, "एलॉयच्या पॉलिशचा चिखल आत गेला." बाबांना ते पटले. त्याच हिवाळ्यात ते वारले. नंतर मी कव्हर उलटे केले. त्यात तेल अडवायला चार रिव्हेटांनी ठोकलेला एक पत्रा असतो. मण्यांचा मारा करण्याआधी तो काढायचा असतो, हे या धंद्यात शेंबडे पोरही जाणते. बेनीने काढला नव्हता. पत्र्याआड मणी अडकले, गरम तेलाने सुटले आणि इंजिनात उतरले. मी बेनीला तसे तोंडावर बोललो, तेव्हा तो भट्टी सोडून निघून गेला. बाबा माझ्यावर नाराज असतानाच गेले, याचे मला आजही फार वाईट वाटते.

कलम ५. शेड आणि भट्टी लुसीयाला. बेनीने सोडल्यापासून भट्टी तीच चालवते आणि तिचे पोट त्यावरच आहे. बेनी म्हणतो, अर्धी शेड बाबांनी त्याला तोंडी दिली होती. "तू डोळे मिट, मी कोर्टात जातो," असे त्याने मला ऐकवले आहे. कोर्टाच्या वकिलांना पोसायचे तर लुसीयाला भट्टी विकावी लागेल.

कलम ६. इथवर लिहून मी आणि लुसीया सहीसाठी वकीलबाईंकडे आलो. साक्षीला ओरेलियाला आणले होते. बाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्ष करू नये.

"मिरच्यांवर पाणी सोड," मी म्हणालो.

"साक्षीदार पैशाला पासरी मिळतात," ओरेलिया म्हणाली आणि घरी गेली.

लुसीया बाहेर जाऊन तिथे थांबलेल्या बेनीला घेऊन आली. मी म्हणालो, "याला कोणी बोलावलं?"

"मी बोलावलं. कोर्टात भेटण्यापेक्षा इथे भेटू दे." मग ती काकाकडे वळली, "तियो, तुम्ही वाचा."

बेनीने चष्मा लावून सगळे वाचले. चौथे कलम पुन्हा वाचले.

"बाबा खुर्ची टाकून बसले होते रे," तो म्हणाला. "सारखे 'झालं का, झालं का.' चार रिव्हेट काढायचा कंटाळा केला मी. आणि मग गाडी बंद पडल्यावर त्यांच्या तोंडाकडे बघून खरं सांगायला जीभच उचलेना."

"माझं नाव घ्यायला बरी उचलली."

"हो. उचलली."

वकीलबाईंनी विचारले, गाडी घेऊन शेड सोडणार का? बेनीने माझ्याच पेनाने कलम चारची पहिली ओळ खोडली. "गाडी पोरीला द्या. मला काही नको, शेडसुद्धा नको, म्हणजे साक्षीची सही करता येईल ना? पण खालचं पत्र्याचं सगळं तसंच राहू दे. ते खरं आहे."

म्हणून इम्पालाही लुसीयाला. खोडलेल्या ओळीशेजारी आम्हा दोघांच्या सह्या आहेत.

हे सर्व मी वाचले, मला मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

एलॉय मायेस्तास
एस्पान्योला, १४ मार्च २०१६

साक्षीदार:
१. डोलोरेस किंताना, वकीलबाईंच्या कार्यालयातील कारकून
२. बेनेरितो मायेस्तास, भाऊ. या मृत्युपत्राने मला काहीही मिळत नाही.