आईच्या आवाजाची तार

आत-बाशी, १२ ऑक्टोबर २००३

प्रिय तिलेकबाइकेस,
तुझ्या धाकट्या बहिणीचा, झीपारचा, सलाम वि. वि.

आईला जाऊन वर्ष झालं, तिचं वर्षजेवण नीट पार पडलं. तुला रजा मिळाली नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. मामा म्हणाला, बिश्केकचे कारखाने मेलेल्यालासुद्धा रजा देणार नाहीत. घोडीचं मांस शेवटच्या पाहुण्यापर्यंत पुरलं.

काळजी बाबांची आहे. कान आणखी उतरले. आमचं बोलणं ते ओठांवरून ओळखतात. हेडफोन लावून आवाज पूर्ण चढवला तरच थोडं ऐकू येतं, आणि ऐकतात एकच: तू भरलेली आईच्या गाण्याची कॅसेट. वर्षजेवणाच्या गर्दीत हेडफोनची वायर कुणाच्या तरी पायाखाली तुटली. गावात दुसरा हेडफोन नाही, आणि त्या छोट्या टेपला स्पीकर नाही. म्हणून मी घरीच जोडली. आत केसासारख्या तारा निघाल्या, लाल, हिरव्या आणि तांब्याच्या. लाल-हिरवा रंग खरवडला. तांब्याला रंगच नव्हता. मग लोकर पिळतो तशा थुंकी लावून पिळल्या.

बाबांनी ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. म्हणाले, मामाचा कोमूझ वाजतोय, कुणी खोकतंय, पण ती नाही. मी लावून पाहिलं. खरंच नाही. वाद्य आहे, आईचा आवाज तेवढा गेला आहे. बाबा म्हणतात, वर्षजेवण झाल्यावर गेलेल्या माणसाला अडवायचं नसतं. मी अडवलं, म्हणून ती उठून गेली. कॅसेट त्यांनी पेटीत टाकली. चहालाही माझ्याजवळ बसत नाहीत.

तू कारखान्यात तारा जोडतोस. एवढाच आवाज कसा जाईल? डॉक्टरीणबाई म्हणतात, उरलेलं ऐकणंही फार दिवस टिकणार नाही.

उत्तर मिनीबसवाल्याकडे दे. माया आहे तशी ठेव.
तुझी झीपार


बिश्केक, १९ ऑक्टोबर

चि. झीपारला अनेक आशीर्वाद.

आई कुठेही गेलेली नाही. तुझी तांब्याची तार लागलेली नाही. तू जिला उघडी समजलीस तिच्यावरही रोगण असतं, बिनरंगाचं. लाल आणि हिरवी तार एकेका कानाची, तांब्याची ही दोन्हींची परतीची वाट. ती बंद पडली की दोन्ही कानांत सारखा येणारा आवाज आपापसात मरतो आणि एका बाजूचा तेवढा उरतो. आई मधोमध बसून गायली होती, मामा कडेला होता.

टोकं काडीच्या ज्योतीत क्षणभर धर आणि काजळी पुसून काढ. सोबत कथील आणि राळ आहे. तांब्याचा जाड तुकडा निखाऱ्यात तापवून डाख दे. रंगाला रंग जोड, आणि जोड एकमेकांना लागू देऊ नकोस. थुंकी लोकरीसाठी राखून ठेव. पगार झाला की नवा हेडफोन पाठवतो, पण तोवर थांबू नकोस. बाबांना समजावत बसू नकोस, ऐकवच.

तुम्हा दोघांची आठवण रोज येते.
तिलेक


आत-बाशी, २ नोव्हेंबर

प्रिय बाइकेस,
सलाम वि. वि.

पहिल्यांदा तारा जळूनच गेल्या. पुन्हा वायर सोलली. मध्ये बाबा तापाने पडले, त्यात आठवडा गेला. काल डाख बसला. पेटीतून कॅसेट काढून आधी मीच ऐकलं. आई होती. ओळ संपल्यावर ती श्वास घेते, तोही होता.

बाबा नको म्हणत होते. मी हट्टाने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. डोळे मिटून त्यांनी कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकल्या. मग एवढंच म्हणाले, "आली."

आज पुन्हा लावला होता. नंतर चहाला माझ्याजवळ बसले, पावाला साय लावून खाल्ली. माझी दोन बोटं भाजली आहेत, त्याचं काही नाही.

अशीच पाठीशी माया असू दे.
झीपार


आत-बाशी, २० नोव्हेंबर

चि. तिलेकला बापाचे आशीर्वाद.

हे झीपारला कळवू नकोस. तापात माझे कान पुरते गेले. तिने हेडफोन चढवला तेव्हा मला काही ऐकू आलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणून म्हणालो, आली.

रोज लावतो. कॅसेट संपली की टेपचं बटण वर उडतं, ते बोटाला कळतं. तेव्हा काढतो. तोपर्यंत गाणं मनात चालवतो, तिच्या चालीने, तिच्या वेगाने. बहुतेक जमतं. दुसऱ्या बाजूला मात्र 'घोडे पाण्याशी उतरले' इथे अडतो. पुढची ओळ सापडत नाही. आणि ती सोडून पुढे जाववत नाही. झीपारला विचारता येत नाही.

नवा हेडफोन पाठवू नकोस. गाणं भरताना तू समोर होतास. ती ओळ आठवत असेल तर लिहून पाठव. अक्षर मोठं काढ. पाकिटावर माझं नाव घाल.

दोघांवर माझा जीव आहे, तो असाच राहील.
बाबा