उलट्या पिळाची गाठ

१२ मार्च

तीर्थरूप अप्पा,

नमस्कार. साष्टांग लिहायला हात वळत नाही, तेव्हा तेवढ्यावर भागवून घ्या. मी ठीक आहे. बोट लागून होणाऱ्या उलट्या थांबल्या, जेवतेही. आईला सांगा, गरम कपडे घालते. तिला एवढंच वाचून दाखवा, पुढचं नको.

परवाचं तुमच्या कानावर आलंच असेल, तरी माझ्याकडून ऐका. मासळी अंडी घालते त्या उथळ भागात तुमच्या मालकाचा मोठा ट्रॉलर तळ खरवडत आला. आम्ही मासळी वाचवण्याच्या मोहिमेतल्या सगळ्यांनी दोन रबरी होड्या त्याच्या आडव्या घातल्या. हातात फक्त फलक. वरून एकजण ओरडला, "ओ मास्तरीणबाई, मासे शाळेत घालणार का?" सगळे खिदळले. मग आमच्यावर पाण्याचा फवारा सोडला. आम्ही हललो नाही. शेवटी त्यांनाच वळावं लागलं आणि वळताना जाळं खडकात अडकून फाटलं. तो तुकडा आम्ही ओढून घेतला.

अप्पा, त्याच्या भोकांतून माझी करंगळी जात नव्हती! आत नखाएवढी पिल्लं, अंड्यांचे पुंजके, चिखल. पिढीच्या पिढी गाळून घेतलेली. मी किंचाळले, "ज्यानं हे विणलं त्याचे हात झडोत!"

आमची इंजिन सांभाळणारी ताई तुकडा निरखत म्हणाली, "अगं, ही गाठ तर तुझ्यासारखी. उलट्या पिळाची. परवा तू दोराची शिडी बांधलीस ना, अगदी तश्शी."

"डावखुरे काय कमी असतात?" मी म्हणाले.

असतील. पण दोरा दोनदा फिरवून शेवट दातांनी चपटा करणारा माणूस आपल्या बंदरात एकच आहे. आणि त्यानं ते एकाच मुलीला शिकवलं.

माझा पदवीचा फोटो भिंतीवर टांगताना तुम्ही काय म्हणाला होता? "तू सांगितलंस ना, सोडलं बघ बारीक जाळ्यांचं काम." तोंडात खिळे धरून म्हणाला होता. मी ते इथे सगळ्यांना छाती फुगवून सांगत फिरले. घरातली पहिली शिकलेली पोरगी, जगाला शहाणपण शिकवायला निघाली आणि स्वतःच्या दिव्याखाली हा अंधार!

सोमवारी मत्स्य खात्याच्या कचेरीत चौकशी आहे. मालक म्हणतो, जाळं आमचं नाहीच, कुठून तरी वाहत आलं. ते त्यानं तुमच्याकडून विणून घेतलं, हे फक्त तुम्ही सांगू शकता. काम जाईल, ठाऊक आहे. बंदरावर लोक तोंड फिरवतील, तेही ठाऊक आहे. पण मासळीच उरली नाही तर जाळी विणणार कशाला, कपडे वाळत घालायला?

तुम्ही आला नाहीत तर मी उठेन. सगळ्यांसमोर दोरा घेऊन ती गाठ मारेन, शेवट दातांनी चावेन आणि कुणी शिकवली ते सांगेन. माझ्यावर ती वेळ आणू नका. स्वतःच्या पायांनी या, स्वतःच्या तोंडानं सांगा. मी दाराशी उभी असेन.

ते हात झडावेत असं मला वाटत नाही, अप्पा. म्हणून तर एवढी चिडले आहे.

त्याच हातांनी गाठ शिकलेली,
तुमची डावरी