दोन्ही हात

२९ जानेवारी, बुधवार

आजही घेतलं नाही.

दवाखान्यात अभिजीतने बाळ पुढे केलं, "घे ना ताई! आत्या झालीस!" आणि मी म्हटलं, पाण्याची बाटली घेऊन येते. तीन मजले उतरून खाली गेले. बाटली खोलीतच होती. टेबलावर, भरलेली. परत आले तेव्हा श्वेता भिंतीकडे बघत पडली होती. अभिजीत तिला म्हणत होता, "अगं, ताईचं आणि लहान मुलांचं पहिल्यापासून जमत नाही."

सख्खा भाऊ! त्यालाही माहीत नाही. मी कधी सांगितलंच नाही.

हात घामाने ओले होते. ओले म्हणजे ठिबकत होते. तीन दिवसांचं पोर, गुळगुळीत दुपट्यात गुंडाळलेलं. निसटलं तर?

५ फेब्रुवारी, बुधवार

बारसं ठरलं. दोन मार्च, रविवार, त्यांच्या सर्जापूर रोडच्या घरी. नाव विराज. बाळाच्या कानात ते आत्यानेच सांगायचं, आणि त्याआधी बायकांनी पाळण्याखालून-वरून बाळ एकमेकींकडे द्यायचं-घ्यायचं. पहिली घेणारी आत्या.

श्वेताचा फोन. फार गोड आवाजात: "ताई, तुम्हाला जमणार असेल तरच हं. नाहीतर मी सुखदाला सांगते." सुखदा आमची चुलत बहीण. तिच्या कडेवर कायम कुणाचं तरी मूल असतं.

"जमेल," म्हटलं. फोन ठेवला तर कानाजवळचे केस ओले, घामाने चिकटलेले.

शाळेपासून हे असंच. उत्तरपत्रिकेवर हाताखाली रुमाल. ऑफिसात कुणी हात पुढे केला की मी नमस्कार करते. सगळ्यांना वाटतं, काय संस्कारी बाई! लग्नाचं राहून गेलं त्याला इतर कारणंही होती. पण हेही होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

त्वचेच्या डॉक्टर शिवलीला यांच्याकडे गेले. मारतहळ्ळीतच, घरापासून चालत जाण्यासारखं. त्यांनी तळहातांना आयोडीन लावलं, वर पांढरी पूड भुरभुरली. जिथे घाम तिथे काळंनिळं होतं म्हणाल्या. बघता बघता दोन्ही पंजे सबंध काळेनिळे! त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं काय केलंत?"

"रुमाल."

उपाय आहे. बोटॉक्सची इंजेक्शनं, तळहातभर. आठवड्या-दोन आठवड्यांत घाम थांबतो, काही महिने थांबलेला राहतो. मात्र पकड थोडे दिवस सैल पडू शकते, विशेषतः अंगठा. "म्हणून आधी एकच हात करू. डावा. महिन्याने दुसरा."

मी मनात बारशापासून मागे मागे येत हिशेब केला. कामाचाही असाच करते: मजकूर छापखान्यात कधी हवा, त्याआधी तपासणी, त्याआधी लेखन. महिनाभर थांबायला वेळच नव्हता.

"दोन्ही करा. पुढच्या शुक्रवारी."

"एवढी घाई?"

"डेडलाइन आहे." त्या हसल्या. मी नाही.

गंमत म्हणजे औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद असतो ना, तो लिहिण्याचंच माझं काम. 'काही रुग्णांमध्ये तात्पुरता अशक्तपणा जाणवू शकतो' असलं वाक्य मी झोपेतही लिहीन. 'काही रुग्ण' म्हणजे दुसरे कुणीतरी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं. मनगटात टोचून हात बधिर केले. मग पेनाने तळहातावर ठिपके काढले, रांगोळीला काढतात तसे. प्रत्येक ठिपक्यावर एक सुई. दुखलं नाही, पण मला बघवेना. भिंतीवरच्या पंख्याकडे बघत बसले.

परतताना रिक्षात पर्स हातातून सुटली. ड्रायव्हरने उचलून खांद्यावर अडकवून दिली. "निधान अक्का, निधान." कानडीत 'सावकाश'. सगळेच तेच सांगताहेत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काही फरक नाही. आज की-बोर्ड तीनदा पुसला. उगाच केलं की काय?

२२ फेब्रुवारी, शनिवार

कोरडे!!

सकाळी वर्तमानपत्र वाचलं, बोटांना शाई नाही. कागदावर हात टेकवून उचलला, कागद वर आला नाही. तळहात एकमेकांवर घासले तर आवाज आला. माझ्या हातांना आवाज आहे, हे मला माहीतच नव्हतं. पाच-दहा मिनिटं नुसती घासत बसले. शेजारीण म्हणाली, "थंडी वाजते का हो?"

श्वेताला मेसेज केला: 'बारशाला लवकर येते. बाळाला मीच घेईन.' तिचं उत्तर: 'नक्की?? 😊'

२४ फेब्रुवारी, सोमवार

कॉफीचा पेला पडला. मग लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना. मग दारात किल्ली फिरेना. अंगठ्यात जोरच नाही. दोन्ही अंगठ्यांत.

डॉक्टरांना फोन केला. "मी म्हटलं होतं तुम्हाला. येईल ताकद परत, काळजी नको. तीन-चार आठवडे धरा."

"रविवारपर्यंत?"

"रविवारपर्यंत कशी येईल, मॅडम?"

घाम थांबेल कधी, ते मी बारशाला बेतलं होतं. पकड जाईल कधी, याचा हिशेबच केला नाही. ती तर त्याच दिवसांत जाणार होती! दुसऱ्याच्या मसुद्यात ही चूक मला पहिल्या वाचनात दिसली असती.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कणकेची पिशवी साधारण बाळाएवढीच जड. पलंगाशेजारी उभी राहून या हातातून त्या हातात घेऊन बघितली. कोपराच्या खोबणीत नीट राहते. पण पाळण्याखालून वाकून, हात लांब करून घ्यायचं म्हणजे सगळी भिस्त पंजांवर. तसं केलं. सटकली. पलंगावरच पडली, पण पडली.

सांगावं का? अभिजीतला 'बोटॉक्स' म्हटलं की म्हणेल, "ताई, या वयात? चेहरा तर तसाच आहे!" आणि मग सगळंच सांगावं लागेल, पहिलीपासून. चारदा नंबर काढला. लावला नाही.

१ मार्च, शनिवार

उद्या. पिशवी आजही पडली.

२ मार्च, रविवार

लिहूनच टाकते.

पाळण्याला झेंडूच्या माळा. एका बाजूला श्वेता बाळाला घेऊन, दुसऱ्या बाजूला मी. माझ्यामागे सुखदा आणि बाकीच्या. श्वेताची आजी चंद्राबाई बेळगावहून आलेली, खुर्चीत. श्वेताने वाकून बाळ पाळण्याखालून पुढे केलं. "घ्या ताई."

मी हात मागे घेतले. "सुखदा, तू घे. मी नुसतं नाव सांगते."

मग चंद्राबाई म्हणाल्या, "असं कसं गं बाई? आत्या हाय नव्हं तू?"

श्वेता तशीच वाकलेली, हातात बाळ. तिचा चेहरा मला पाळण्याच्या दोऱ्यांमधून दिसत होता. सुखदा पुढे झाली, तिने घेतलं. नंतर मी पाळण्यावर वाकले, हात पाठीमागे एकमेकांत अडकवून, आणि कानात नाव सांगितलं. विराज. त्याने डोळे उघडले. आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत असते. आज ते जरा जोरातच बसले.

स्वयंपाकघरात श्वेताने गाठलं. आवाज अगदी हळू. "माझ्या मुलाला हात लावायचा नव्हता तर फोनवर सांगायचं होतं. 'मीच घेईन' कशाला लिहिलंत?"

सगळं उत्तर ओठांवर होतं. मी म्हटलं, "सगळ्यांची जेवणं झाली का?"

५ मार्च, बुधवार

फोन नाही. हात ठणठणीत कोरडे.

२० एप्रिल, रविवार

बरणी उघडली! अंगठे उशिरा का होईना, परत आले. कुणाला सांगू?

विराजला खुळखुळा पाठवला होता. श्वेताचं 'थँक्यू ताई'. फोटो नाही. पूर्वी रोज एक तरी यायचा. अभिजीत ऑफिसच्या गडबडीत आहे म्हणे. दोन महिने?

त्यांच्या घरी जायला रिक्षाने अर्धा तास लागतो. गेले नाही. कोणत्या तोंडाने जायचं?

१५ जून, रविवार

सकाळी वर्तमानपत्राच्या कडेला ओला डाग. चहा सांडला असेल म्हणून कप बघितला. कप कोरडा.

डॉक्टर म्हणतात पुन्हा घेता येईल, या वेळी एकेक हात. विचार करून सांगते म्हटलं.

६ जुलै, रविवार

श्वेताचा फोन. रडत होती. "ताई, विराजचे हातपाय सारखे ओले असतात हो. ताप नाही, काही नाही. मोजे घातले की भिजतात. डॉक्टर विचारतात, घरात कुणाला असं आहे का? आमच्याकडे तर कुणालाच नाही. अभिजीत म्हणतो त्याला काही माहीत नाही. तुमच्याकडे कुणाला आहे का?"

"आहे," म्हटलं. "मी येते. आल्या आल्या त्याला माझ्याकडे दे."

रिक्षा यायची आहे. हात पुसलेले नाहीत.