साडूचं कॉम्प्लिकेशन

४ फेब्रुवारी १९९६, रविवार. संध्याकाळ
नोएडाला श्रीरंगच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत. श्रीरंग म्हणजे माझा साडू. सुनंदाची धाकटी बहीण लतिका त्याला दिलेली. परवापरवापर्यंत इथे दिल्लीत मंत्रालयात माझ्याच हाताखाली होता. मग विदेशी कंपनीत गेला. आता फ्लॅट, गाडी आणि खिशात मोबाइल फोन. आलेल्या कॉललाही पैसे पडतात म्हणे, तरी उचलतो. मी मत्सरी स्वभावाचा नाही, हे इथे नमूद करतो. पण बाल्कनीतून नुसती शेतं आणि अर्धवट पिलर दिसतात. त्यापेक्षा आमचं सरोजिनी नगरचं क्वार्टर बरं.

पंगतीत मात्र त्याला धरला. श्रीखंड-पुरीची पैज लावली. काल कंपनीची पार्टी झाली, पोट ठीक नाही, नको, म्हणत होता. मी सोडतो की काय! सगळ्यांसमोर आग्रह करकरून वाढायला लावलं. शेवटी जिंकलो मीच. पित्ताशयात खडे आहेत म्हणून डॉक्टरने मला तूप-तेल बंद सांगितलंय, पण डॉक्टरला पंगत काय कळणार? पोट किंचित दुखतंय. जिंकल्याचं असावं.

६ फेब्रुवारी. सरकारी हॉस्पिटल, जनरल वॉर्ड
जिंकल्याचं नव्हतं. अक्यूट पॅन्क्रिअटायटिस. खडा सरकून नळीत अडकला आणि स्वादुपिंडाला सूज आली. पोटातली कळ थेट पाठीत. तोंडाने पाणीसुद्धा नाही, नुसतं सलाइन. आजाराचं नाव भारदस्त आहे. ऑफिसात कुणालाही हा झालेला नाही. निश्चय: लोक भेटायला येतील तेव्हा कण्हायचं नाही. फक्त हसायचं.

७ फेब्रुवारी
कुणी आलं नाही. आणि श्रीरंगलाही हाच आजार! त्याला दारूमुळे, असं डॉक्टरांचं मत. माझा आजारसुद्धा या माणसाला बघवला नाही. शिवाय तो प्रायव्हेट नर्सिंग होममध्ये. एसी रूम, बिल कंपनीचं. सुनंदा जाऊन आली. टीव्हीला केबल आहे, असं मला सांगत बसली. माझ्या पलंगाखाली मांजर आहे.

९ फेब्रुवारी
मोठे डॉक्टर राउंडला आले. कागद बघून म्हणाले, आपका तो बिल्कुल माइल्ड है, कोई कॉम्प्लिकेशन नहीं. आणि पुढच्या पलंगाकडे गेले. माझ्या फाइलवर साहेबसुद्धा इतकेच थांबतात.

संध्याकाळी. नर्सिंग होमवाल्यांनी हात वर केले, म्हणून श्रीरंगला इथेच आणलं. फुप्फुसाभोवती पाणी, किडन्या नीट चालेनात. मी इतके दिवस जनरल वॉर्डात, आणि हा आल्या आल्या थेट आयसीयूत. वशिला असणार.

१० फेब्रुवारी
मंत्रालयातले लोक आले. त्याला भेटायला. जिना इकडूनच आहे म्हणून जाता जाता माझ्याकडेही डोकावले. सुनंदा दिवसभर वर, लतिकाजवळ. मी म्हटलं, माझ्याकडे कोण बघणार? तर म्हणाली, अहो, तुम्ही बरे आहात ना! ज्या सुरात म्हणाली तो मला आवडला नाही.

११ फेब्रुवारी
कॉम्प्लिकेशन मलाही असू शकतं. श्वास घेताना दुखतं, असं ज्युनिअर डॉक्टरला सांगितलं. तपासलं. गॅस निघाला. मी सीटी स्कॅन मागितला. म्हणाला, भाईसाब, मिठाई बाँटिए, आयसीयू में अपने रिश्तेदार का हाल देखा है? नाही बघितला. बघायचाही नाही.

१३ फेब्रुवारी
भाताची पेज दिली. पचली. मुद्दाम ताप मोजून घेतला, नॉर्मल. श्रीरंगला एकशे तीन. स्वादुपिंडाचा काही भाग सडलाय आणि त्यात इन्फेक्शन झालंय. ऑपरेशन करायचं, वाचेल की नाही सांगता येत नाही म्हणतात. सुनंदा हे सांगताना रडली नाही, नुसती पदर पिळत राहिली.

पैजेबद्दल कुणी काही बोललेलं नाही. बोलण्यासारखं काही नाहीच. त्याला दारूमुळे झालंय. डॉक्टरांचंच मत आहे.

१५ फेब्रुवारी
डिस्चार्ज. न्यायला कुणी नाही, सगळे वर. मी सरळ घरी जाणार होतो, पण सुनंदाकडून किल्ली घ्यायला वर जाणं भाग होतं. सुनंदा औषधं आणायला गेलेली. लतिका एकटीच बाकावर. मला बघून उठली. भाऊजी, तुम्ही कशाला जिना चढलात, म्हणाली. ऑपरेशनच्या कागदावर सही करून आली होती. तोंड धुऊन येते, तेवढं बसा, म्हणाली.

काचेतून पाहिलं. आधी चुकीच्याच माणसाकडे बघत होतो. श्रीरंग त्याच्या पलीकडचा. मला ओळखता आला नाही. नर्सने विचारलं, आप कौन लगते हैं? मी म्हटलं, भाई. साडूला हिंदीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना.

१० मार्च, रविवार
श्रीरंग वाचला. आता वॉर्डात आहे. पोटातून नळ्या अजून काढलेल्या नाहीत, तोंडाने अजून काही नाही. मी रोज संध्याकाळी जातो. सुनंदाला बस मिळत नाही, सोबत लागते, म्हणून.

आज त्याच्या पलंगाशी उभा राहून चहा घेत होतो. तो माझ्याकडे एकटक बघत होता. माझ्याकडे नाही, कपाकडे. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, नरसिंहराव, तुमची मजा आहे बुवा. जळतो मी तुमच्यावर.

श्रीरंग माझ्यावर जळतोय! असं कधी झालंच तर काय बोलायचं, ते वाक्य मी केव्हाचं तयार ठेवलं होतं. छान वाक्य होतं. तोंडातून निघालं, भिकार चहा आहे हो, नुसतं पाणी.

खोटं होतं. आलं घातलेला फक्कड चहा होता. पण पुढचा घोट घेववेना, आणि त्याच्यादेखत ओतून टाकणंही बरं दिसेना. भेटीची वेळ संपेपर्यंत कप पाठीमागे धरून उभा राहिलो.