नकाशातली मोकळी जागा

४ मार्च
लाज वाटली आज. पाणी आराखड्याचा मसुदा लोकांना बघायला ऑफिसच्या व्हरांड्यात लावलाय. नकाशे सगळे मी काढलेले. शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या, चष्मा पुसला, नकाशावर बोट ठेवलं — "बाई, इथं माझं घर आहे. तुम्ही तर मोकळी जागा दाखवलीय!"
शहराचं सांडपाणी तिथेच नदीत सोडायचं ठरलंय. मोकळी आहे म्हणून!

५ मार्च
जेवणाच्या सुट्टीत जाऊन आले. मोकळी कुठली! शंभरावर घरं. नळ नाही, काठावरच्या विहिरीचंच पाणी पितात. मावशींनी मलाही दिलं. प्यायले.
जुन्या नोंदींवरून नकाशा काढला मी. जाऊन बघितलंच नाही.

६ मार्च
साहेबांना सांगितलं. फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "आता? सुनावणीच्या तोंडावर? तुमचं काम नकाशा काढणं. काढलात ना?"
नकाशा गुंडाळून बाहेर आले.

९ मार्च
नवरा म्हणाला, "नोकरी गेली तर जाऊ दे. पण काय ते बोलून टाक. भाजीत दोनदा मीठ पडलंय!"

११ मार्च
बोलले!!
सुनावणीत मावशी उठल्या. समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "इथे वस्ती असल्याची नोंद कुठे आहे?" मावशींनी नुसतं नकाशावर बोट ठेवलं. मीच उभी राहिले. "नोंद नाही, कारण चूक माझी आहे. नकाशा मी काढलाय. तिथे माणसं राहतात, तेच पाणी पितात." मावशींनी माझा हात धरला — "बसा आता, बाई. ऐकलं त्यांनी."

१२ मार्च
साहेब रजेवर. मला अजून नोटीस नाही.

२० मार्च
निकाल लागला! शुद्ध केल्याशिवाय नदीत एक थेंबही सोडायचा नाही. आधी वस्तीला नळ. आणि यापुढे जागेवर जाऊन, तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय आराखडाच नाही. नवा नकाशा मीच काढायचा!
हुश्श. आईला फोन केला. म्हणाली, "किती दिवसांनी हसलीस गं." मग दोघीही उगाचच हसत बसलो.

२१ मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. एक पिवळा पडलेला कागद पुढे सरकवला. आधीच्या आराखड्यावर त्याच वस्तीसाठी घेतलेली हरकत — अक्षर त्यांचं, तारीख अकरा वर्षांपूर्वीची.
"लिहिली होती. पाठवायला भ्यालो."
कोपऱ्यात ती दाखल झाल्याचा आवकचा शिक्का होता. आजचा. शाई अजून ओली.