पाझर तलावातला राष्ट्रीय विक्रम

मु. पळसवाडी, पोस्ट तीर्थपुरी,
ता. अंबड
१७ नोव्हेंबर १९७४

ती. भालचंद्रदादा यांस,

तुझ्या आतेबहिणीचा, म्हणजे सरोजिनीचा, वाकून नमस्कार. वर ‘यांस’ लिहिलं आहे ते तुझ्या नव्या पदाला, आणि खाली ‘तू’ लिहिते आहे ते तुला, असं समज. दिवाळी बरी गेली असेल. शैलावहिनींचा गुडघा आता कसा आहे? त्यांना म्हणावं, जिने चढू नका, आणि चढलात तर वर काय आणायला आलो ते विसरू नका. माझी तब्येत ठीक आहे. शाळा चालू आहे. वर्ग नववीचे दोन आहेत आणि फळा एक आहे, त्यामुळे दोन्ही वर्गांचा अभ्यास अर्धाअर्धा पण एकाच वेळी होतो.

तू राज्याच्या जलतरण संघटनेचा सहचिटणीस झालास हे आम्ही वर्तमानपत्रातल्या फोटोवरून ओळखलं. तलावाच्या काठावर कोट घालून उभे असलेले नऊजण आणि त्यांच्यामागे टॉवेल गुंडाळलेल्या चार मुली, असा तो फोटो होता. (चौथी मुलगी तुझ्या खांद्यामागे होती, तिचा एक कान दिसला.) बातमी मुलींची होती. त्यांतल्या एकीनं शंभर मीटरचा नवा राष्ट्रीय विक्रम केला होता. तरी खाली नावं कोटवाल्यांचीच होती, आणि विक्रमवाली ती कानवाली होती की कसं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आपल्याकडे नोंदी चोख असतात असं तू भाषणात म्हणाल्याचंही छापून आलं होतं. ते वाचून मला आपल्या आजोबांच्या गावची नदी आठवली. तू तिच्यात घोट्यापर्यंत उतरायचास आणि ‘आत्या, पाणी वाढलंय’ म्हणून ओरडायचास. माणूस ज्याला घाबरतो त्याचाच कारभार त्याच्याकडे देतात, हा सरकारी नियम खाजगी संस्थांनाही लागू झालेला पाहून बरं वाटलं.

पण या पत्राचं कारण तुझं कौतुक नाही. तुझ्या सहीचं, तीन प्रतींमधलं, पुरवण्या जोडलेलं एक पत्र आमच्या सरपंचांना आलं आहे. ते ज्या तारेला उत्तर म्हणून आलं ती तार कशी गेली, हे मला तुला सांगितलंच पाहिजे. कारण त्यात माझाही हात आहे, आणि तो हात तेव्हापासून मला आपला वाटत नाही.

ती बातमी मी नववीला वाचून दाखवली. (वर्तमानपत्र जालन्याहून एसटीनं दुसऱ्या दिवशी येतं, त्यामुळे आमच्याकडे सगळे विक्रम एक दिवस शिळे असतात.) एक मिनिट आणि वर काही सेकंद, असं मी वाचलं. शेवटच्या रांगेतली बेबीनंदा उठून उभी राहिली. “बाई, शंभर मीटर म्हंजी कितीक?” मी सांगितलं, आपल्या पाझर तलावाच्या सांडव्यापासून पलीकडच्या पळसापर्यंत जाऊन परत यायचं, साधारण तेवढं. ती म्हणाली, “एवढंच?” दादा, पुढचं सगळं या एका शब्दानं झालं. मी मास्तरीण आहे. मुलांनी असं विचारलं की मला आधी आनंद होतो, अक्कल नंतर येते.

हा पाझर तलाव म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाचं काम. बेबीनंदाचे वडील भिवा आणि आई केशरबाई तिथं खडी फोडायला होते, आणि ही पोर शाळा सोडून पाट्या वाहत होती. पुढच्या वर्षी पाऊस झाला, तलाव भरला, आणि ज्यांनी तो खणला त्यांच्या पोरी त्यात म्हशीची शेपटी धरून पोहायला शिकल्या. गावात पोहण्याजोग्या दोन विहिरी आहेत. त्यांच्या कठड्यापाशी बौद्धवाड्यातल्या माणसांनी उभं राहायचं नाही, ही रीत तुझ्या लहानपणी होती तशीच ताजी आहे. तलाव सरकारी, म्हणून तिथं कुणी काही बोलू शकत नव्हतं. म्हणजे बोलत होतेच, पण काठावरून.

‘एवढंच’ हा शब्द शाळेतून चावडीवर गेला. आमचे सरपंच अप्पाराव मला रस्त्यात थांबवून म्हणाले, “बाई, आपल्या गावात नॅशनल रेकार्ड होऊन राह्यलं अन् तुम्ही सांगून न्हाई राह्यल्या?” मी म्हटलं, अजून झालेलं नाही. ते म्हणाले, “मंग करून टाकू की रविवारी.” शेजारच्या गावाला गेल्या महिन्यात मंत्री येऊन गेले होते. आमच्याकडे तलाठीसुद्धा वर्षातून दोनदाच येतो. अप्पारावांच्या मनात काय होतं ते तू ओळखशील. तू समित्यांवर आहेस.

मोजमापाचं काम गणिताच्या जगन्नाथ गुरुजींकडे आलं. अप्पारावांच्या विहिरीवर इंजिन बसल्यापासून मोटेचे नाडे नुसतेच पडून होते. अंबाडीचे, मनगटाएवढे जाड. त्यांतले दोन जोडले, शाळेच्या मैदानात पसरले, आणि गुरुजींनी शाळेच्या लाकडी मीटरपट्टीनं पन्नास वेळा वाकून बरोबर पन्नास मीटर भरवले. सगळी शाळा मोठ्यानं आकडे मोजत होती. (त्रेचाळीस दोनदा मोजला गेला अशी एका मुलाची तक्रार होती, त्याला बाहेर उभं केलं.) शनिवारी संध्याकाळी तो नाडा डांबराच्या दोन रिकाम्या पिंपांना बांधून तलावात सोडला. सकाळी घाई नको, म्हणून. एका पिंपापासून दुसऱ्याला वळसा घालून परत, की झाले शंभर.

रविवारी सगळं गाव काठावर. शुभारंभ नारळ फोडून करायचा असं अप्पारावांनी ठरवलं होतं. “नारळ वाजला की उडी घ्यायची,” असं बेबीनंदाला बजावलं होतं, आणि गुरुजींना सांगितलं होतं की नारळ फुटला की घड्याळ बघायचं. या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते मला तेव्हा दिसलं नाही. तुझ्या नियमपुस्तकातही नसेल. अप्पारावांनी नारळ दगडावर हाणला. तो वाजला, आणि पोरीनं उडी घेतली. पण नारळ फुटला नाही. तो सटकून उतारावरून खाली गेला. अप्पाराव धोतर सावरत त्याच्यामागे, त्यांच्यामागे उपसरपंच. दुसऱ्या वेळी त्याला नुसती चीर गेली. तिसऱ्या वेळी फुटला, तेव्हा गुरुजींनी अत्यंत काटेकोरपणे मनगटावर नजर लावली. बेबीनंदा तोवर तलावात बरीच पुढं गेलेली होती. मी ते पाहिलं, दादा. पण मी तिच्याकडे बघत होते, घड्याळाकडे नाही. ती कशी पोहते ते लिहिता येत नाही. शिकवलेलं त्यात काही नाही. पाण्याला ढकलून, रागावल्यासारखी पोहते, आणि तरी पाणी तिला वाट देतं.

वेळ आली एक मिनिट तीन सेकंद. विक्रम मोडला, आणि चांगला ठेचून मोडला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मिरवणूक निघाली. लाऊडस्पीकर, त्यावर बोलणाऱ्या माणसासकट, भोकरदनच्या साखरपुड्याहून परस्पर आणला होता, त्यामुळे अधूनमधून वधूवरांचीही नावं पुकारली गेली. पोरगी आता गावाची लेक झाली. हार मात्र अप्पारावांनी हात लांब करून तिच्याकडे दिला आणि म्हणाले, “घाल पोरी तुझ्या हातानं.” तिनं घातला. ट्रॉली मारुतीच्या पाराला वळसा घालून लांबूनच गेली. संध्याकाळी तुझ्या संघटनेला तार केली.

या सगळ्यात एकच गोष्ट खरोखर घडली. भिवानं बेबीनंदाचं लग्न ठरवलं होतं, उन्हाळ्यात करायचं म्हणून. मुलगा जालन्याच्या एका कारखान्यात आहे, वाईट नाही; पण पोर पंधराची आहे आणि वर्गात पहिली येते. मी दोन महिने त्याच्या घरी चकरा मारत होते. तो मला चहा पाजायचा आणि नाही म्हणायचा. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी तो स्वतः शाळेत आला. “बाई, पोरीचं नाव रेकार्डाला चढलं. सरकारी कागदावर चढलेलं माणूस मुकादमाला इचारल्याबिगर हलवता येत न्हाई. मंग लग्न कसं करता येईल? व्याह्यांना सांगून आल्तो, सरकारचं पत्र येऊ द्या.” दुष्काळी कामावर शिकलेला हा कायदा आहे. मी त्याला दुरुस्त करायला हवं होतं. मी त्याला चहा पाजला.

आणि मंगळवारी मी तो नाडा मोजला. ग्रामपंचायतीत लावायला म्हणून तो पाण्यातून काढला होता, केशरबाई आणि मी त्याची गुंडाळी करत होतो, आणि मला ती हाताला लहान वाटली. पट्टी आणली. ओल्या नाड्याचे चव्वेचाळीस मीटर भरले. गुरुजी म्हणाले, पट्टी बदला. केशरबाई म्हणाली, “ओला नाडा आखडतोच की बाई. बाज पावसात ऱ्हायली की सुंभ कसं तणतं?” मी विचारलं, मग शनिवारी का बोलली नाहीस? ती गुंडाळी करता करताच म्हणाली, “मला कोणी इचारलं का?” आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा प्रश्न मी गिळला. लग्न थांबलंय हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

तर आता तुझं पत्र. तलावाच्या लांबीचा दाखला, प्रारंभकाची सही (अप्पारावांनी ती नारळासकट द्यायची तयारी दाखवली आहे), आणि तीन वेळनोंदकांच्या सह्या, पंधरा दिवसांत. गुरुजींनी सही केली. उपसरपंचांनीही केली, त्यांच्याकडे घड्याळ नाही. तिसरी माझी हवी आहे. ती मी केलेली नाही आणि करणार नाही. अप्पाराव रोज विचारतात, “बाई, गावाच्या इज्जतीपेक्षा तुमची सही मोठी का?” गेल्या आठवड्यात ते असंही म्हणाले की रेकार्ड गेलं तर त्या पोरींना तलावात म्हशी धुवायचं बंद करावं लागेल, पाणी खराब होतं. बघ, लेक किती दिवस टिकते ते.

म्हणून, ज्याच्या नोंदी चोख असतात त्या सहचिटणीसाला मी सगळं खरं कळवलं आहे. हा विक्रम नाही. नाडा आखडला होता आणि नारळ टणक होता. तुम्ही नियमाप्रमाणे काय तो निर्णय द्यावा, माझ्याकडून काहीही आग्रह नाही. पोरांना माझा पापा, वहिनींना नमस्कार, आणि देव तुला कोरड्या जागी सुखात ठेवो, ही इच्छा.

तुझी,
सरोजिनी

ता. क. काल आम्ही पुन्हा घेतलं. पाटबंधारे खात्याची साखळी मागून आणली, नारळ नव्हता, मी शिट्टी वाजवली आणि मीच घड्याळ पाहिलं. एक मिनिट सव्वीस सेकंद. मी तिला खरा आकडा सांगितला आणि मागचा कसा झाला तेही. मला वाटलं रडेल. ती वेणी पिळत म्हणाली, “म्हंजी ती तिकडची बाई लईच जोरात पोहती की!” आणि हसली. मग विचारलं, “तिला कोणी शिकवलं?” याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव.

दुसरा ता. क. आता खरं काम. तू निर्णय देऊ नकोस. वर ‘निर्णय द्यावा’ लिहिलं आहे ते फाईलला लावण्यासाठी. हे पान फाडून ठेव. ‘विक्रम अमान्य’ असं पत्र आलं तर भिवा मेमध्ये लग्न लावेल. ‘मान्य’ लिहायला मी तुला सांगणार नाही, आपल्या आजोबांनी आपल्याला तसं वाढवलं नाही. तू फक्त लिही: ‘प्रकरणाची चौकशी चालू आहे.’ त्यात खोटं काय आहे? चौकशी कर की. नाड्याचा तुकडा माग. नारळाची जात विचार. दर तीन महिन्यांनी एक प्रश्न पाठव, तीन प्रतींत, जेवढे शिक्के असतील तेवढे मारून. बेबीनंदाची मॅट्रिकची परीक्षा मार्च शहात्तरला आहे, निकाल जूनमध्ये. एवढ्यात संपणारी चौकशी कुठल्याही इज्जतदार संघटनेनं आजवर केलेली नाही, असं तूच मला एकदा अभिमानानं सांगितलं होतंस. मला रात्रंदिवस एकच गोष्ट खटकते, दादा. मुलीला नुसतं मॅट्रिक व्हायचं असलं तरी आमच्याकडे आधी राष्ट्रीय विक्रम करावा लागतो.

तिसरा आणि शेवटचा ता. क. पत्र केशरबाईला वाचून दाखवलं. दुसऱ्या ताज्या कलमापर्यंत तिनं सगळं ऐकलं. आता म्हणते आहे, “सायबाला लिहा बाई, बराबर चौकशी करा म्हणावं. जल्दी बिलकुल न्हाई.”