आठ तीन आणि शेवटी एक

४ जून, सकाळी सहा
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काल सासऱ्यांकडे जेवताना साडूने सगळ्यांसमोर विचारलं, एक्क्याण्णव ही मूळ संख्या आहे का? मी ठणकावून हो म्हणालो. तो म्हणाला, मग तेरा साते किती? सगळे हसले. बायको सगळ्यांत जास्त. साडू कॉलेजात गणित शिकवतो म्हणून एवढा माज!
संकल्प: कशानेच भाग न जाणारी अजस्र मूळ संख्या शोधून त्याच्या तोंडावर मारणे. नाही जमलं तर मिशी उतरवीन.

९ जून, लंच टाइम
सापडली! ३१. ३३१. ३३३१. पुढे तीन वाढवत जायचं, शेवटी एक. दर वेळी मूळ! जगात कोणाच्या लक्षात आलेलं नसावं. नियमाला माझं नाव.

२३ जून
सातवी, ३३३३३३३१, तीही मूळ. साडेसातशे भागाकार, कारखान्यात तोट्यांच्या पेट्यांमागे बसून. सुपरवायझरने विचारलं, काय चाललंय? म्हटलं, क्वालिटी चेक. खोटं थोडंच होतं?

२५ जून
आता आठवी: ३३३३३३३३१. हिला दोन हजारांवर भागाकार. कॅल्क्युलेटरवर आठच आकडे मावतात. मनगटही दुखतंय. आणि गरज काय? बावीस वर्षं नळाच्या तोट्या तपासतोय. पहिल्या सात गळल्या नाहीत की पेटी पास.
बायको म्हणाली, अहो, एकदा भागून तरी बघा. तिला इन्स्पेक्शनमधलं काय कळतं! पितळी पाटीची ऑर्डर दिली.

३० जून
पाटी आली. ३३३३३३३३१. खाली: ‘ही तुमच्याने फुटणार नाही. आपला साडू.’ खोल कोरून घेतलंय, घासूनही जाणार नाही. साडूसाहेब विभागप्रमुख झालेत, रविवारी त्यांच्याकडे जेवण. भाषण पाठ. त्याचा चेहरा पडला की मी गोड पुन्हा वाढून घेणार. सावकाश.

५ जुलै, दुपारी चार
घात झाला.
पाटी दिली, भाषण ठोकलं. साडू पाटीवरचे आकडे मोजायला लागला. म्हटलं, जिरली! तेवढ्यात सासूबाई चष्मा लावून पाटीवर बोट फिरवत पुटपुटायला लागल्या. शेवटी मोठ्याने म्हणाल्या, सतरा त्रिक एक्कावन्न, बाकी शून्य. जावईबापू, सतराने भाग जातोय की हो.
दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा. सातवाच भागाकार होता.
साडू म्हणाला, ही संख्या तो दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो. सात वेळा जमलं म्हणून आठव्यांदा जमेलच असं नाही, हे पोरांना कळावं म्हणून. आता लिहायला नको, पाटीच लावतो म्हणाला. माझ्याकडेच स्क्रू मागितले.
या वेळी बायको हसली नाही. तेच जास्त लागलं.
मिशीबद्दलचं ४ जूनला भावनेच्या भरात लिहिलं होतं.

६ जुलै, सकाळी साडेनऊ
पेटी उघडली. पहिल्या सात ठीक. बावीस वर्षांत पहिल्यांदाच आठवीत पाणी सोडलं.
गळली.
पेटीवर ‘पास’चा शिक्का आधीच मारून ठेवला होता.